सिलिकाची दुसरी ओळख

स्मरणिकेच्या संपादकांनी या वेळी ‘वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा’ असा आग्रह धरला, तेव्हा मी बरेच दिवस टाळाटाळ केली. आयुष्यभर लोकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या माणसाकडे वैद्यकाबाहेरचे असे काय असणार? अखेरीस ज्या विषयाने माझ्याच एका वैद्यकीय सल्ल्यातील उणीव मला दाखवून दिली, तोच विषय लिहावयास घेतला. विषय आहे आपल्या बडोद्यातील सिरॅमिक शिल्पकार ज्योत्स्ना भट्ट यांच्या कामाचा. कलेचा मी अभ्यासक नव्हे, आणि ज्योत्स्नाबेनना मी कधी भेटलोही नाही. एकाच गावात राहत असताना भेट सहज झाली असती. ती झाली नाही, ही खंत मनात धरूनच हा लेख लिहीत आहे.

एक तरुणी आणि एक सल्ला

२०१७ सालच्या हिवाळ्यात माझ्या दवाखान्यात एक तरुणी आली. दांडियाबाजारातील एका जुन्या मराठी कुटुंबातील मुलगी. तिच्या आजोबांना मी ओळखत होतो, त्यामुळे ती मला ‘काका’ म्हणे. तीन आठवडे कोरडा खोकला होता. व्यवसाय विचारला तेव्हा ती म्हणाली, “मी सिरॅमिक करते. फाइन आर्ट्समधून शिकले, आता स्वतःचा स्टुडिओ आहे.”

सिरॅमिक म्हणजे माती, गारेची भुकटी, फेल्डस्पार. आणि गारेची भुकटी म्हणजे सिलिका. माझ्या डोळ्यांसमोर क्षणात काही जुनी क्ष-किरण चित्रे उभी राहिली. मी तिची छाती तपासली, चित्र काढावयास सांगितले आणि ते हाती येण्यापूर्वीच तिला ऐकवले, “हे काम सोडून दे. दुसरे काही कर.”

ती रागावली नाही. चित्र निर्दोष निघाले, खोकला साध्या संसर्गाचा होता आणि पंधरा दिवसांत थांबला. शेवटच्या भेटीत ती एवढेच म्हणाली, “काका, तुम्ही म्हणता ते मला ठाऊक आहे. पण एकदा माझी भट्टी उघडताना या. मग सांगा, सोडू की नको.”

धुळीचे नाव

माझ्या त्या घाईच्या सल्ल्यामागे कारण होते आणि ते येथील अनेक वाचकांना सांगण्याची गरज नाही. खंबातच्या अकीक कारागिरांची फुप्फुसे आपण पाहिली आहेत. पंचमहालातील क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत राबून झाबुआ-अलिराजपूरकडे परतलेले आदिवासी तरुणही आपण पाहिले. पंचविशी-तिशीतील माणूस, दम्याची औषधे घेऊन थकलेला, क्षयाचा शिक्का बसलेला. आणि चित्रात वरच्या भागांत पसरलेल्या गाठी, क्वचित लसिकाग्रंथींभोवती अंड्याच्या कवचासारखी चुन्याची कड. सिलिकोसिस! सांगण्यासारखे औषध नाही. या मजुरांपैकी २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात शासनाला दिला, तेव्हा त्यांतील बहुतेकांच्या घरी कमावते असे कोणी उरले नव्हते.

कुंभारकामाचा आणि वैद्यकाचा संबंधही जुनाच. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात झिलईतील शिशाने हात कापू लागलेल्या कुंभारांचे वर्णन आहे. पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात चिनीमातीचे कारखाने भरभराटीस आले आणि गारगोटीच्या भुकटीने तेथील कामगारांची फुप्फुसे निकामी होऊ लागली. त्या रोगाचे बोलीभाषेतील नावच ‘पॉटर्स रॉट’ असे पडले. पाच मायक्रॉनहून लहान कण, खोल वायुकोशांपर्यंत पोहोचणारा, भक्षक पेशींना न पचणारा आणि शेवटी त्यांनाच मारणारा. सिलिकाची माझी ओळख ही एवढीच होती. तिला दुसरी बाजू असेल, असा विचारही कधी मनात आला नव्हता.

भट्टी उघडताना

एका रविवारी सकाळी मी गेलो. गावाबाहेर एका शेडमध्ये तिचा स्टुडिओ होता. प्रथम लक्षात आले ते हे, की तेथे झाडू नव्हता. फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, टेबले ओल्या स्पंजाने टिपलेली. कोरडी भुकटी मोजण्याची जागा वेगळी, दारापाशी, आणि खिळ्याला एन-९५ मुखपट्टी टांगलेली. वाळलेल्या भांड्याची कड घासायची झाली तर ती ओल्या स्पंजाने गुळगुळीत करावयाची, कोरडी घासावयाची नाही. आपल्या पुस्तकांतील प्रतिबंधाचे प्रकरण ती पोर रोज जगत होती, आणि मी तिला ‘सोडून दे’ म्हणून मोकळा झालो होतो.

मग तिने मला मातीचे शास्त्र समजावून दिले. त्यातील जे कळले ते असे. मऊ माती वाळली तरी तिच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी राहते. ते सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघून जाते आणि तेथून पुढे माती पुन्हा माती होऊ शकत नाही. ५७३ अंशांवर क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते व ते किंचित फुगतात. थंड होताना तोच बदल उलट दिशेने होतो. म्हणून घाईने निववलेले भांडे चिरते. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंशांची. तिला बिस्किट म्हणतात. नंतर झिलईचा द्राव लावून दुसरी भाजणी. स्टोनवेअर असेल तर ती १२०० अंशांच्याही वर जाते.

आणि झिलई म्हणजे काय? मुख्यत्वे सिलिका. एकट्या सिलिकाला वितळण्यास १७०० अंशांहून अधिक उष्णता लागते. फेल्डस्पारमधील सोडियम-पोटॅशियम, चुन्यातील कॅल्शियम यांच्या संगतीत ती खूप खाली येऊन वितळते. अ‍ॅल्युमिना तिला ओघळून जाऊ देत नाही. तांबे, कोबाल्ट, लोह यांची ऑक्साइडे चिमूटभर पडली की रंग येतो. आणि तोही भट्टीतील हवेवर अवलंबून. भरपूर प्राणवायू मिळाला तर तांबे हिरवे होते. तो कमी पडला तर लाल. निवताना अतिसूक्ष्म स्फटिक धरले तर झिलई चमकत नाही, तिच्यावर मंद, मऊ प्रकाश राहतो. त्याला मॅट झिलई म्हणतात आणि ती साधणे कठीण, असे ती म्हणाली.

भट्टीचे दार उघडले. दोन दिवस निवत ठेवलेली असूनही आतून ऊब आली. तीसेक वस्तूंपैकी चार तडकल्या होत्या. दोघींची झिलई फळीला चिकटली होती. एका मोठ्या थाळीचा रंग भलताच आला होता. ती तिने हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि वेगळी ठेवली. मी सांत्वन करू गेलो तर म्हणाली, “काका, एवढे जातेच. दार लावले की पुढचे आपल्या हातात नसते.” शस्त्रक्रिया संपवून रुग्णाला अतिदक्षता विभागात पाठवणाऱ्या माझ्या सर्जन मित्रांच्या तोंडी मी हेच वाक्य अनेकदा ऐकले आहे.

निघताना भिंतीवर चिकटवलेल्या एका छायाचित्राने मला थांबवले. बसके, गोल अंगाचे एक घुबड. अंगावर निळ्या-हिरव्याच्या मधला, शेवाळाकडे झुकणारा रंग. ते घुबड मी ओळखत होतो.

दवाखान्यातील घुबड

आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ, जे आज हयात नाहीत, त्यांच्या दवाखान्यात प्रतीक्षागृहातील बुटक्या टेबलावर तसेच एक घुबड असे. फाइन आर्ट्सच्या मेळ्यात घेतले, असे ते सांगत. तपासणीसाठी आलेली मुले त्याला हात लावीत, कुशीत घेऊ पाहत. आया ओरडत, “फुटेल, ठेव खाली!” आणि डॉक्टर आतून म्हणत, “फुटत नाही ते. धरू द्या.” मीही तेथे बसलो असताना कितीदा तरी त्या घुबडाच्या पाठीवरून नकळत बोटे फिरवली असतील. ते कोणी केले, हे विचारावेसे मात्र एकदाही वाटले नाही.

“हे ज्योत्स्नाबेनचे,” तरुणी म्हणाली. ती कॉलेजात गेली तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. तरीही सिरॅमिक विभागात त्यांचे नाव घराण्यातील मोठ्या बाईचे घ्यावे तसे घेतले जाई. “गावातच असतात. तुम्हाला नेऊ का एकदा?” मी म्हणालो, “जाऊ की.” ते २०१८ साल होते.

मांडवीहून बडोद्यास

ज्योत्स्ना भट्ट यांचा जन्म ६ मार्च १९४० चा, कच्छमधील मांडवीचा. शिक्षणासाठी त्या बडोद्यास आल्या, तेव्हा महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची ललित कला शाखा अवघ्या काही वर्षांची होती. विश्वविद्यालय १९४९ चे, ललित कला शाखा १९५० ची. आणि आपले वैद्यकीय महाविद्यालयही १९४९ चेच, त्याच विश्वविद्यालयाशी जोडलेले. म्हणजे या दोन संस्था एका घरच्या, पाठोपाठच्या बहिणी. हंसाबेन मेहता कुलगुरू असतानाच्या त्या पहिल्या वर्षांत ललित कला शाखेत माणसेही मोठी जमली होती. इंदूरला जन्मलेले, आपल्या मराठी मंडळींना अभिमान वाटावा असे ना. श्री. बेंद्रे १९५० पासून १९६६ पर्यंत तेथे चित्रकला शिकवीत होते. शिल्पकलेकडे होते शंखो चौधरी, शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांच्या हाताखाली तयार झालेले.

ज्योत्स्नाबेन या शंखो चौधरींच्या विद्यार्थिनी. चौधरींच्या शिल्पांत पक्षी किंवा स्त्रीचे मस्तक असे, पण तपशील गळून गेलेला आणि उरलेला आकार भरीव, स्वच्छ. मूळ आकार कोठे संपतो आणि नुसती सजावट कोठे सुरू होते, हे ओळखण्याचे शिक्षण तेथे मिळत असे. ज्योत्स्नाबेनच्या पुढील कामाकडे पाहिले तर हे शिक्षण त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही असे दिसते. त्यांचे माध्यम मात्र बदलले.

१९६० च्या दशकाच्या मध्यास त्या अमेरिकेत होत्या. त्यांचे पती, चित्रकार व मुद्राचित्रकार ज्योती भट्ट, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते. ज्योत्स्नाबेननी ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत जॉलियन हॉफस्टेड यांच्याकडे सिरॅमिकचे शिक्षण घेतले. तो काळ अमेरिकन सिरॅमिकमधील मोठ्या उलथापालथीचा होता. पीटर व्होल्कस आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी १९५० च्या दशकापासून कॅलिफोर्नियात मातीची भांडी फाडून, एकमेकांवर रचून, त्यांची प्रचंड, राकट शिल्पे करावयास सुरुवात केली होती. भांडे म्हणजे कारागिरी आणि शिल्प म्हणजे कला, ही भिंत तेथे पडत होती.

त्या वातावरणातून एखादी तरुण शिल्पकार परतते, तेव्हा तिने तोच आवाज घेऊन यावे अशी अपेक्षा असते. ज्योत्स्नाबेननी तसे केले नाही. भांडे आणि शिल्प यांतील भिंत त्यांनीही मानली नाही. मात्र ती पाडण्याचा गाजावाजा न करता त्या दोन्हीकडे सारख्याच मनाने काम करीत राहिल्या. वाटी, थाळी, कमळाची कळी, शेंग, मांजर, घुबड. टेराकोटात आणि स्टोनवेअरमध्ये. आकार हातात मावणारे.

तीस वर्षे

१९७२ साली त्या ललित कला शाखेत अध्यापक म्हणून रुजू झाल्या आणि २००२ साली सिरॅमिक विभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. या तीस वर्षांचे महत्त्व समजण्यासाठी तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या देशात कुंभार गावोगाव होते आणि कपबशांचे कारखानेही होते. परंतु एकाच माणसाने माती मळण्यापासून भट्टी उघडण्यापर्यंत सारे करावे आणि त्याला कलावंत म्हणून मान असावा, ही वाट अगदी अरुंद होती. दिल्लीत सरदार गुरचरण सिंग यांनी जपानमधून शिकून येऊन ती दाखवली होती. पाँडिचेरीत रे मीकर व डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. निर्मला पटवर्धन यांनी कुंभारकाम करणाऱ्यांसाठी इंग्रजीत हस्तपुस्तिका लिहून झिलईचे ज्ञान सर्वांस खुले केले. अशा मोजक्या ठिकाणांपैकी एक आपले बडोदे. येथे हे शिक्षण विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमात मिळे, ही तर आणखी दुर्मिळ गोष्ट.

शिक्षकाचे काम क्ष-किरण चित्रात दिसत नाही. आपल्यापैकी ज्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले आहे, त्यांना हे ठाऊक आहे. तीस वर्षांत किती हातांना माती मळावयास शिकवले, किती जणांची पहिली फुटलेली भांडी पाहिली, याची नोंद कोठे राहत नाही. परंतु २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिले भारतीय सिरॅमिक त्रैवार्षिक भरले, इतका हा प्रवाह तोवर रुंदावला होता. त्याच्या उगमाशी ज्या थोड्या कार्यशाळा होत्या, त्यांत आपल्या गावातील या विभागाचे नाव घ्यावेच लागेल.

खेळणे, नवस आणि शिल्प

मांजरे आणि घुबडे करणाऱ्या कलावंताला लोक लवकर ‘गोड’ ठरवून मोकळे होतात. मीही तसाच मोकळा झालो असतो. पुढे ज्योत्स्नाबेनचे काम जेथे जेथे पाहावयास मिळाले तेथे थांबून पाहिले आणि मत बदलले. त्यांच्या मांजरात केस नाहीत, मिश्या नाहीत. अंग गोळा करून बसलेल्या प्राण्याच्या पाठीची एक सलग वळणरेषा आहे. पोट आणि पाठ यांच्यात कोठे जोर आहे, कोठे सैलपणा आहे, हे त्या रेषेत येते. घुबडाच्या अंगात तर चाकावर फुगत गेलेल्या घड्याची आठवण स्पष्ट राहते. म्हणजे ते घुबडही असते आणि भांडेही. आत पोकळी आहे, ती बाहेरून जाणवते. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकताना आतल्या पोकळीचा अंदाज घेणे हाच ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्याला हे समजावे यात नवल नाही. नवल हे, की इतकी वर्षे समजले नाही.

आणि त्यावरील झिलई. चकचकीत नव्हे; मंद, जणू आतून उजळणारी. मोरपंखी निळ्यापासून शेवाळी हिरव्यापर्यंतच्या छटा. भडक लाल-पिवळ्याने नजर खेचून घेणे सोपे असते. मॅट झिलईत सगळा खेळ निवण्याच्या गतीवर. घाई चालत नाही. असे काम चाळीस-पन्नास वर्षे करण्यासाठी स्वभावच तसा लागत असावा.

या लहान प्राण्यांमागे दोन परंपरा मला दिसतात. पहिली ललित कला शाखेच्या मेळ्याची. १९६० च्या दशकात के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांच्या बरोबरीने बसून लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करीत आणि ती गावातील लोक विकत घेत. खेळणे करणे हे शिल्पकाराला कमीपणाचे नाही, हा संस्कार त्या मेळ्याने केला. आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावरील घुबड त्याच वाटेने आले.

दुसरी परंपरा आपल्या पूर्वेकडील आदिवासी मुलखाची. छोटाउदेपूरच्या बाजूला नवस फेडण्यासाठी देवस्थानी मातीचे घोडे वाहतात. कुंभार चाकावर नळकांड्यांसारखे आकार काढून, ते जोडून घोड्याचे पाय, मान आणि धड घडवतो. हकू शहा यांनी गुजरातच्या या नवसाच्या मृण्मूर्तींवर १९८५ साली पुस्तकच प्रसिद्ध केले. ज्योती भट्ट यांनी तर ग्रामीण व आदिवासी कलेची छायाचित्रे घेत अर्धे आयुष्य घालवले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या घरात अशी छायाचित्रे धुतली जात होती, त्या घरातील शिल्पकाराला मातीचा प्राणी हा केवळ शोभेचा कसा वाटेल?

येथे मला एक प्रसंग नमूद करावासा वाटतो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच भागातील एका तरुणाला क्षय झाला होता. नऊ महिन्यांच्या उपचारांनंतर तो बरा झाला. शेवटच्या भेटीत त्याचा बाप हात जोडून म्हणाला, की आता देवाला घोडा वाहणार. मी हसलो. गोळ्या मी दिल्या आणि घोडा देवाला! आज ते हसणे मला खटकते. त्या माणसाने आपल्या मुलाच्या श्वासाची किंमत मातीच्या एका घडीव वस्तूत मोजली होती, आणि ती वस्तू त्याच्या दृष्टीने माझ्या बिलापेक्षा मोठी होती.

जुलै २०२०

‘जाऊ की’ म्हणून दोन वर्षे गेली. कधी परिषद, कधी लग्नसराई, कधी विश्वामित्रीचा पूर. सयाजी रुग्णालयापासून पूल ओलांडून कमाटीबागेवरून काळ्या घोड्यापाशी यावे आणि तसेच पुढे विश्वविद्यालयाकडे जावे. ललित कला शाखेपर्यंत चालत अर्धा तास लागत नाही. मी या गावात जन्म काढला आणि त्या फाटकातून आत गेलो असेन ते मोजून चार वेळा, त्यांतील तीन वेळा गाडी वळवण्यासाठी.

मग कोरोना आला. छातीच्या डॉक्टरांचे ते दिवस कसे गेले, हे येथे सांगावयास नको. दोन हातमोज्यांच्या आत बोटे सुरकुतून जात. रुग्णाच्या कपाळावर हात ठेवला तरी त्याला आणि आपल्याला स्पर्श म्हणून काही कळत नसे. त्या काळात, ११ जुलै २०२० रोजी, ज्योत्स्नाबेन गेल्या. बातमी त्या तरुणीने मोबाइलवर पाठवली होती; मी ती रात्री अकरा वाजता घरी आल्यावर वाचली. त्या रात्री मला आठवले ते छायाचित्र नव्हे, तर बोटांना लागलेली ती पाठ. थोडी थंड, थोडी खरखरीत, पण टोचणारी नव्हे. ज्यांना भेटावयाचे राहिले, त्यांनी हातांनी केलेली वस्तू आपल्या हाताला वर्षानुवर्षे ठाऊक होती.

पुढे बालरोगतज्ज्ञांच्या चिरंजीवांकडे चौकशी केली. दवाखाना बंद झाला, सामान वाटले गेले, परंतु घुबड त्यांनी ठेवले आहे. कानापाशी एक टवका उडालेला आहे, एवढेच. तुटलेल्या जागी आतली माती करडी, घट्ट दिसते. मुलांच्या दोन पिढ्यांनी हाताळूनही झिलई मात्र जशीच्या तशी आहे. सिलिका एकदा वितळून काच झाली, की ती कोणाच्या श्वासात उडून जात नाही. जी धूळ पंचमहालच्या मजुरांच्या छातीत अडकली, तिचीच ही सावकाश, जाणत्या हातांनी, आगीतून काढलेली दुसरी अवस्था. दोहोंमधील फरक पदार्थाचा नाही. काम करणाऱ्याच्या जिवाची किती पर्वा केली गेली, याचा आहे. कारखान्यात थोडे पाणी फवारले असते, धूळ खेचणारे पंखे लावले असते, तर त्या २३८ जणांपैकी कितीतरी आज म्हातारे झाले असते.

ती तरुणी दर हिवाळ्यात तपासणीस येते. आता तिच्या हाताखाली दोन मुली शिकतात. त्यांनाही घेऊन येते. पहिल्या वर्षी तिच्या कागदावर मी ‘व्यवसाय बदलणे’ असे लिहिले होते. तो कागद तिने अजून जपून ठेवला आहे आणि मला चिडवण्यासाठी मधूनमधून दाखवते. हल्ली मी लिहितो ते असे : कोरडे झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. भुकटी मोजताना मुखपट्टी. छातीचे चित्र पुढील वर्षी.

आणि खाली, तिच्याच आग्रहावरून, एक ओळ स्वतःसाठी : भट्टी उघडेल त्या रविवारी येणे.